पुस्तकातला चेंडू आणि मैदानातला चेंडू

अकरावीच्या भौतिकीच्या वर्गात दर वर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात भेटणारे हे उदाहरण पाहा :

‘एक चेंडू क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून सेकंदाला २० मीटर वेगाने फेकला. त्याचा उड्डाणकाल, महत्तम उंची व पल्ला काढा. (गुरुत्व त्वरण १० मी./से.² घ्या. हवेचा विरोध दुर्लक्षित करा.)’

उत्तरे ठरलेली आहेत : २ सेकंद, ५ मीटर आणि ३४.६ मीटर. उदाहरणात चूक काहीही नाही. भाषा स्पष्ट आहे, आकडे सोयीचे आहेत आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला गुण देताना अडचण येत नाही. तरीही अशी वीस-पंचवीस उदाहरणे ओळीने सोडवलेल्या विद्यार्थ्याला फेकलेल्या वस्तूच्या गतीबद्दल, म्हणजे प्रक्षेप्य गतीबद्दल, नेमके काय कळले असा प्रश्न विचारला तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. भौतिकीचा जो भाग त्याने करायला हवा तो उदाहरण रचणाऱ्याने आधीच उरकून टाकलेला असतो. कोणत्या गोष्टी धरायच्या, कोणत्या सोडायच्या, आरंभबिंदू कुठे घ्यायचा, उत्तर पटण्याजोगे आहे की नाही, हे सारे ठरलेलेच असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरतो तो सूत्रात किमती घालण्याचा उद्योग. या प्रकारच्या उदाहरणांची थोडी चिकित्सा करावी आणि ती कशी बदलता येतील ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सूत्रांआड दडलेले वाक्य

पाठ्यपुस्तकातल्या या प्रकरणात सहसा तीन चौकटी असतात : उड्डाणकालाचे सूत्र, महत्तम उंचीचे सूत्र आणि पल्ल्याचे सूत्र. विद्यार्थी ती पाठ करतो. कुठे ‘साइन’चा वर्ग आहे, कुठे दुप्पट कोनाची ‘साइन’ आहे, छेदात २ आहे की नाही, यात त्याची निम्मी शक्ती खर्च होते. पण ही तिन्ही सूत्रे एकाच वाक्यातून निघतात. ते वाक्य असे : वस्तूची आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. आडव्या दिशेने बल नाही म्हणून आडवा वेग बदलत नाही. उभ्या दिशेने फक्त गुरुत्वाकर्षण आहे म्हणून उभा वेग दर सेकंदाला ठरावीक प्रमाणात बदलतो. दोन्ही गतींना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ.

हे वाक्य समजले असेल तर वरचे उदाहरण तोंडी सुटते. २० मीटर वेगाचा ३० अंशांवरचा उभा घटक १० आणि आडवा घटक १७.३. उभा वेग दर सेकंदाला १० ने घटतो, म्हणजे एका सेकंदात तो शून्य होईल. त्या सेकंदातला सरासरी उभा वेग ५, म्हणून चढलेली उंची ५ मीटर. खाली यायला तेवढाच वेळ, म्हणून एकूण २ सेकंद. या २ सेकंदांत चेंडू आडवा १७.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात होता, म्हणून पल्ला ३४.६ मीटर. एकही चौकट उघडावी लागली नाही.

आता उदाहरण किंचित बदलू. तोच चेंडू, तोच वेग, तोच कोन. पण तो १५ मीटर उंचीच्या गच्चीच्या कठड्यावरून फेकला आहे आणि खाली रस्त्यावर पडणार आहे. सूत्रांवर विसंबलेला विद्यार्थी हमखास पुन्हा ३४.६ मीटर लिहितो किंवा अडून बसतो. त्याच्या सूत्रात ‘फेकण्याची व पडण्याची पातळी एकच आहे’ ही अट गुपचूप बसलेली आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वाक्य समजलेला विद्यार्थी मात्र म्हणेल : एका सेकंदात चेंडू ५ मीटर चढला, म्हणजे रस्त्यापासून २० मीटर उंच गेला. २० मीटर पडायला २ सेकंद लागतात. एकूण ३ सेकंद. पल्ला सुमारे ५२ मीटर.

दोन उदाहरणांतला फरक मोजक्या शब्दांचा आहे, पण पहिले स्मरणशक्तीची परीक्षा घेते आणि दुसरे समजुतीची. आपल्या पुस्तकांत पहिल्या प्रकारचीच भरती अधिक का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सर्वोच्च बिंदूवरचा बाण

सूत्रांच्या उदाहरणांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्यांतून विद्यार्थ्याच्या मनातल्या चुकीच्या कल्पना बाहेरच येत नाहीत. वर्गात फळ्यावर चेंडूचा वक्र मार्ग काढा, त्यावर सर्वांत उंच बिंदू दाखवा आणि विचारा : या क्षणी चेंडूचा वेग किती, त्वरण किती, आणि त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करत आहेत?

‘वेग शून्य’ असे उत्तर लगेच येते. शून्य होतो तो फक्त उभा घटक. आपल्या उदाहरणात चेंडू त्या क्षणीही सेकंदाला १७.३ मीटर वेगाने पुढे जात असतो. ‘त्वरण शून्य’ असेही उत्तर येते. ते खरे असते तर चेंडू त्या उंचीवरून सरळ रेषेत पुढेच जात राहिला असता. बलांच्या बाबतीत तर बरेच विद्यार्थी एक बाण खाली काढतात, आणि एक बाण पुढे. हा पुढचा बाण कशाचा, असे विचारले की उत्तर मिळते : ‘फेकताना दिलेले बल.’

हा बाण आपल्याच विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडतो असे नाही. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर उडवलेल्या नाण्यावरची बले महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवायला सांगितली होती. तिथेही नाणे वर जात असताना त्याच्यावर वरच्या दिशेचे बल असलेच पाहिजे अशी अनेकांची समजूत दिसून आली. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँ यांनी गतीचे स्पष्टीकरण देताना अशीच कल्पना मांडली होती : फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो आणि ती वस्तूला पुढे नेत राहते. म्हणजे आपला विद्यार्थी अडाणी नाही. तो इतिहासातल्या एका विचारी टप्प्यावर उभा आहे. त्याला तिथून गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्याकडे आणणे हेच या प्रकरणाचे काम. पण पल्ला ३४.६ मीटर असे बिनचूक लिहिणारा विद्यार्थी तो पुढचा बाण मनात तसाच घेऊन परीक्षा उत्तीर्ण होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

पंचेचाळीस अंशांचा नियम

‘पल्ला महत्तम होण्यासाठी कोन ४५ अंश हवा.’ या प्रकरणातले हे सर्वांत लोकप्रिय वाक्य. हा निष्कर्ष जुना आहे. इटलीतील निकोलो तार्तालिया यांनी १५३७ साली तोफांविषयीच्या ग्रंथात तो मांडला होता. त्या वेळी पडणाऱ्या वस्तूचा नियमही माहीत नव्हता. पुढे गॅलिलिओ यांनी १६३८ साली तो रीतसर सिद्ध केला आणि ४५ पासून सारख्याच अंतराने कमी-जास्त असलेल्या कोनांना, उदाहरणार्थ ३० व ६० यांना, सारखाच पल्ला मिळतो हेही दाखवले.

निष्कर्ष सुंदर आहे. पण तो दोन अटींवर उभा आहे : पातळी एकच हवी आणि हवा नको. या अटी न सांगता तो सांगितला की तो निसर्गनियम वाटू लागतो. मैदानावर गोळाफेक पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मग प्रश्न पडत नाही, पडायला हवा. पुरुषांच्या स्पर्धेतला गोळा ७.२६ किलोग्रॅमचा असतो. चांगला खेळाडू तो सेकंदाला १४ मीटरच्या आसपास वेगाने, जमिनीपासून सुमारे २.१ मीटर उंचीवरून सोडतो. या वेगाला गोळ्यावरचा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या एका टक्क्याहून कमी भरतो. म्हणजे इथे हवा सोडून देणे अगदी योग्य आहे. पण पातळीची अट मोडली आहे. गणित केले तर सर्वोत्तम कोन ४५ नव्हे, ४२ अंशांच्या जवळ येतो. आणि प्रत्यक्षात नामांकित खेळाडू बऱ्याचदा ४० अंशांच्याही खाली गोळा सोडतात. ते चुकतात का?

आकडे मांडून पाहू. वरच्या वेगाला ४२ अंशांवर पल्ला २२.० मीटर, ४५ अंशांवर २१.९ आणि ३८ अंशांवर २१.८ मीटर. चार अंश खाली येऊनही तोटा जेमतेम २० सेंटीमीटरांचा. आता ३८ अंशांवरच वेग फक्त दोन टक्क्यांनी वाढला असे समजा. पल्ला २२.६ मीटर होतो, म्हणजे ८० सेंटीमीटरांचा लाभ. माणसाच्या शरीराला जड वस्तू उंच कोनात ढकलण्यापेक्षा थोड्या सपाट कोनात ढकलताना अधिक वेग देता येतो. म्हणून खेळाडू कोनाचा थोडा तोटा सोसून वेगाचा फायदा पदरात पाडून घेतो. तो चुकत नाही.

या उदाहरणातला खरा धडा ४५ किंवा ४२ हा आकडा नाही. महत्तमाच्या आसपास कोन थोडा बदलला तरी पल्ला फारसा बदलत नाही, आणि पल्ला मुख्यतः वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, हा तो धडा आहे. तो गोळाफेकीच्या पलीकडेही कामाला येतो. ‘कोन किती असावा?’ असे विचारून थांबणाऱ्या उदाहरणात तो कुठेच सापडत नाही.

‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’

आता कंसातल्या त्या आज्ञेकडे वळू. भौतिकीत सोपे प्रतिरूप करणे हा दोष नाही. ती तर या शास्त्राची शक्ती आहे. पण काय सोडून द्यायचे हा विचाराअंती काढायचा निष्कर्ष असतो. आपल्या उदाहरणांत तो आज्ञेच्या स्वरूपात येतो आणि तोही सरसकट. दगड असो, चेंडू असो, तोफेचा गोळा असो, कंसातले वाक्य तेच.

क्रिकेटच्या चेंडूचे पाहू. त्याचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम आणि व्यास सुमारे ७.२ सेंटीमीटर. वजन सुमारे १.६ न्यूटन. अशा वेगांना हवेचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विरोधाचा गुणांक ०.४५ धरला तर सेकंदाला ५ मीटर वेगाला विरोध वजनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी येतो. १० मीटरला तो सात टक्के होतो. लेखाच्या आरंभीच्या उदाहरणातल्या २० मीटरला तो वजनाच्या पावपटीहून अधिक होतो. ३० मीटरला तो सुमारे १ न्यूटन, म्हणजे वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर जातो आणि ३८ मीटरच्या सुमारास वजनाइतकाच होतो. झेल देण्यासाठी हळूच उडवलेल्या चेंडूच्या बाबतीत कंसातले वाक्य खरे आहे. षटकाराच्या बाबतीत ते चक्क खोटे आहे.

किती खोटे तेही काढता येते. चेंडू ४५ अंशांवर सेकंदाला ३५ मीटर वेगाने टोलवला असे समजा. पुस्तकी पल्ला १२५ मीटर, महत्तम उंची ३१ मीटर, उड्डाणकाल सुमारे ५ सेकंद. आता हवा धरू. यासाठी कलनशास्त्राची गरज नाही. पाव-पाव सेकंदाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी वेगावरून विरोध काढायचा. तो आडव्या व उभ्या दिशेत विभागायचा. त्यावरून तुकड्याच्या मध्यावरचा वेग काढायचा आणि त्या वेगाने पुढचे पाऊल टाकायचे. आरंभी विरोधामुळे येणारे मंदन सुमारे ८.३ मी./से.² आहे, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या अगदी जवळचे! अठरा-एकोणीस पावलांत चेंडू जमिनीवर येतो. हे काम कागदावर तासाभरात होते. संगणकाच्या तक्त्यावर वा मोबाइलवर त्याहून लवकर.

उत्तर असे येते : पल्ला सुमारे ७८ मीटर, महत्तम उंची सुमारे २४ मीटर, उड्डाणकाल सुमारे ४.४ सेकंद. पुस्तकातला चेंडू कोणत्याही मैदानाची सीमा सहज ओलांडतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ८२ मीटरच्या आसपास असते. म्हणजे मोठ्या मैदानावर मैदानातला चेंडू सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती विसावण्याचा संभव आहे. आपल्या गणितात चेंडूची फिरकी आणि शिवणीचा परिणाम धरलेला नाही आणि गुणांकही स्थिर मानला आहे, तेव्हा आकडे काही मीटरांनी इकडेतिकडे होतील. पण १२५ आणि ७८ यांतला फरक त्याने पुसला जाणार नाही.

फरक आकड्यांपुरताही नाही. मार्गाचा आकारच बदलतो. चेंडू ४५ अंशांनी निघतो, पण उतरताना जमिनीशी सुमारे ५६ अंशांचा कोन करतो. सर्वोच्च बिंदू मार्गाच्या मध्यावर न राहता पुढे सरकतो. चढायला सुमारे २.१ सेकंद आणि उतरायला २.३ सेकंद लागतात. म्हणजे मार्ग अन्वस्त राहत नाही. बॅडमिंटनच्या फुलाचा मार्ग पाहिलेल्या प्रत्येकाला हे डोळ्यांनी ठाऊक आहे. जेमतेम ५ ग्रॅमचे ते फूल सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगानेच खाली पडू शकते. त्याहून कितीतरी वेगाने टोलवले की ते थोडे पुढे जाऊन जवळजवळ सरळ खाली येते. शाळेच्या मैदानावर रोज दिसणारी ही गोष्ट भौतिकीच्या तासाला येत नाही, कारण कंसातल्या वाक्याने तिला वर्गाबाहेर ठेवले आहे.

गॅलिलिओंचा प्रामाणिकपणा

अन्वस्ताचा शोध लावणारा माणूस या बाबतीत आपल्या पुस्तकांहून अधिक प्रामाणिक होता. १६३८ च्या संवादरूप ग्रंथात चौथ्या दिवशी प्रक्षेप्यांची चर्चा आहे. सिद्धता मांडताच त्यांच्याच पात्रांपैकी काही जण आक्षेप घेतात : पृथ्वी गोल आहे, मग ‘आडवी’ रेषा सरळ कशी? माध्यम विरोध करते, मग आडवा वेग कायम कसा? गॅलिलिओ हे आक्षेप टाळत नाहीत. ते खरे असल्याचे मान्य करून अंतर पृथ्वीच्या मानाने लहान व वेग बेताचा असेल तर त्रुटी सहन होण्याजोगी आहे असे ते सांगतात. कमी दारू भरलेल्या उखळी तोफांना आपले कोष्टक चालेल, पण बंदुकीच्या प्रचंड वेगाला मार्ग बिघडेल, हा भेदही त्यांनी केला आहे.

पुढच्या लोकांनी ही सावधगिरी सोडून दिली. न्यूटन यांनी १६८७ च्या ग्रंथाचा दुसरा खंड बव्हंशी माध्यमाच्या विरोधाला वाहिला, तरीही तोफखान्याच्या पुस्तकांत अन्वस्तच चालू राहिला. अखेर इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स यांनी लाकडी लोलकावर गोळी झाडून तिचा वेग मोजण्याची रीत वापरली आणि १७४२ साली निष्कर्ष छापले. २४ पौंडी गोळा पूर्ण दारूने ४५ अंशांवर सोडला तर अन्वस्ताप्रमाणे तो सुमारे १६ मैल जायला हवा; प्रत्यक्षात तो ३ मैलही जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. तीन वर्षांनी ऑयलर यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने या पुस्तकाचा जर्मन अनुवाद विस्तृत भाष्यासह प्रसिद्ध केला. १७४२ साली खोटा ठरलेला तोफेचा अन्वस्त उदाहरणसंग्रहांत आजही आरामात उडताना दिसतो.

पुस्तकातला चेंडू जिथे खरा ठरावा अशी एक जागा मात्र आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेतील ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे चेंडू टोलवले. तिथे हवा नाही, म्हणून मार्ग अन्वस्तच. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश, म्हणून त्याच वेगाला पल्ला सहापट. ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’ असे लिहिण्याऐवजी ‘हे चंद्रावर घडत आहे’ असे लिहिले तर निदान विधान खरे होईल.

मग काय करावे?

परीक्षेची अडचण मला ठाऊक आहे. हजारो उत्तरपत्रिका, एकच आदर्श उत्तर, पर्यायी प्रश्नांच्या प्रवेशपरीक्षा, आणि वेळेचा तुटवडा. पाव-पाव सेकंदांची पावले परीक्षागृहात टाकता येणार नाहीत हे उघड आहे. पण बहुतेक सुधारणा प्रश्नाच्या शब्दांतच करता येतात आणि त्यांना जादा वेळ लागत नाही. काही नमुने देतो :

१. ‘चेंडू २० मीटर वेगाने ३० अंशांवर फेकला. तो सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचा वेग, त्वरण आणि त्याच्यावरील बले दाखवणारी आकृती काढा.’ आकडेमोड जवळजवळ नाही. समजुतीची पूर्ण परीक्षा.

२. ‘पल्ल्याचे सूत्र पुढीलपैकी कोणत्या प्रसंगी वापरता येणार नाही, आणि का?’ असे विचारून सपाट मैदान, गच्ची, टेकडीचा उतार आणि बॅडमिंटनचे फूल असे चार प्रसंग द्यावेत.

३. ‘एका विद्यार्थ्याने षटकाराचा पल्ला १२५ मीटर काढला. त्याने कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या असतील? खरा पल्ला याहून कमी असेल की जास्त?’

४. ‘उत्तर तपासा : कोन ९० अंश केला तर तुमच्या उत्तरातला पल्ला शून्य येतो का? वेग दुप्पट केला तर तो चौपट होतो का?’ अशा तपासणीला एक गुण ठेवला तर विद्यार्थी ती सवय लावून घेतील.

शिवाय एक प्रयोग. टेबलाच्या सपाट पृष्ठावर काचेची गोटी सोडा. ती एक मीटर अंतर किती वेळात कापते ते घड्याळाने दहा-बारा वेळा मोजून सरासरी घ्या. समजा ०.८ सेकंद आले, म्हणजे वेग सेकंदाला १.२५ मीटर. टेबलाची उंची ८० सेंटीमीटर असेल तर गोटीला पडायला ०.४ सेकंद लागतील. म्हणजे ती कडेच्या खालच्या बिंदूपासून ५० सेंटीमीटरवर पडायला हवी. गोटी कडेवरून सोडण्याआधी हा हिशोब फळ्यावर लिहा. मग त्या जागी कोरा कागद व त्यावर कार्बन कागद ठेवा आणि गोटी जाऊ द्या. गोटी दर वेळी त्याच उतरणीवरून, त्याच उंचीवरून सोडली पाहिजे, एवढी काळजी घ्या. मात्र उतरणीच्या उंचीवरून वेग काढायला जाऊ नका. गोटी घरंगळते, तिची काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते आणि वेग अपेक्षेपेक्षा कमी भरतो.

कागदावरचे ठिपके एका जागी पडणार नाहीत. त्यांचा लहानसा पुंजका दिसेल. तो ५० सेंटीमीटरच्या खुणेपासून किती दूर आहे आणि का, यावर वर्गात चर्चा करावी. वेळ मोजताना झालेली चूक किती, टेबल नीट सपाट होते का, हवेने काही केले का? या वेगाला हवेचा वाटा नगण्य आहे हे विद्यार्थी स्वतः हिशोब करून सांगू शकतील. तेव्हा ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करा’ हे वाक्य त्यांचे स्वतःचे झालेले असेल.

पुस्तके बदलायला वर्षे लागतात आणि प्रश्नपत्रिकांचे आराखडे बदलायला त्याहूनही अधिक. पण घटक चाचणीचा प्रश्न शिक्षक स्वतः लिहितात. पुढच्या चाचणीत या प्रकरणावरचा एकच प्रश्न निवडावा, त्यातली कंसातली आज्ञा काढून टाकावी आणि तिच्या जागी लिहावे : ‘तुम्ही काय गृहीत धरले ते लिहा आणि ते इथे का चालेल ते सांगा.’ पहिल्या खेपेला बरीच मुले ती जागा कोरी सोडतील. त्या कोऱ्या जागांवरून पुढचे दोन तास काय शिकवायचे ते ठरवता येईल.